लाईट आणि घागर

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरी गावातून आम्ही बोलतोय. आज आम्ही तुम्हाला विजेची गोष्ट सांगणार आहोत. आपण तिला वीज कमी आणि लाईट जास्त म्हणतो. लाईट आली, लाईट गेली, लाईटचं बिल आलं. दिवसातून दहा वेळा तिचं नाव तोंडी येतं. पण ही लाईट आधी कुणाच्या कामाला आली, ती बनते कशातून, तिच्यापायी काय खर्ची पडतं, हे आपण एकमेकींना कधी विचारत नाही.

गटाच्या बैठकीत आमचं यावर बोलणं सुरू झालं तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मराठवाड्यात लाईटचा इतिहास सांगायला बसलं की पाण्याचाही सांगावा लागतो. आमच्या गावाचं नावच झरी, म्हणजे पाण्याचं. लाईट आणि पाणी या एका घरातल्या दोन जावा आहेत. एकीचं दुखलं की दुसरीला झळ लागतेच.

जातं, मोट आणि कंदील

लाईट नव्हती तेव्हाचे दिवस गटातल्या सत्तरी ओलांडलेल्या बायांना चांगले आठवतात. सांज व्हायच्या आत कंदिलाची काच पुसून ठेवायची, हे पोरींचं काम. चुलीजवळ घासलेटाची चिमणी, ओसरीवर कंदील, देवापुढे तेलाची वात. घासलेट रेशनवर, तेही मापात. म्हणून जेवणं दिवस मावळायच्या सुमारास उरकायची. लग्नकार्याला गॅसबत्ती भाड्याने आणायची आणि तिच्या उजेडात अख्खी वस्ती जमायची. चिमणीचा धूर मात्र रोजचा. सकाळी नाक पुसलं की पदर काळा.

पहाटे कोंबड्याच्या आधी जातं फिरायला लागे. घरचं खटलं मोठं असलं तर ज्वारी दळायला दोन-दोन तास जात. हात दुखू नयेत, झोप येऊ नये आणि मनातलं कुणाला तरी सांगता यावं म्हणून बाया ओव्या गात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी पुढे गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या बायांच्या ओव्याही त्यांत आहेत. जात्यावर धान्य दळलं जाई, तसं दुःखही दळलं जाई.

विहिरीवर मोट असे. बैलांची जोडी धावेवरून उताराला चालली की भरलेली मोट वर येई. दिवसभर मोट हाकून थोडंच रान भिजे. बैल थकला की मोट सुटे, आणि तेवढ्या वेळात विहिरीला पाझर फुटून पाणी पुन्हा वर चढे. बैलाचा विसावा तोच विहिरीचा विसावा होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

वीज आधी शहराला

आपल्या देशात पाण्याच्या जोरावर पहिली वीज तयार झाली ती 1897 साली दार्जिलिंगला. महाराष्ट्रात 1915 साली खोपोलीला टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेलं पाणी मोठ्या नळांतून खाली सोडायचं आणि त्या धारेने चाकं फिरवायची, अशी ती रीत. ती वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना गेली. गिरण्यांना कापूस लागे तो आपल्यासारख्या काळ्या रानातला, पण वीज मात्र रानात आली नाही.

पुढे पुण्याजवळ मुळशीला धरण बांधायचं ठरलं. तिथल्या मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. 1921 साली लोकांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. ‘जान किंवा जमीन’ अशी त्यांची घोषणा होती. बायाही मागे राहिल्या नाहीत. जाईबाई भोईटे यांचं नाव त्या लढ्यात आजही घेतलं जातं. तरीही धरण झालंच. एका ठिकाणी दिवा लागतो तेव्हा दुसऱ्या ठिकाणी कुणाचं तरी काहीतरी जातं, हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वी मुळशीने दाखवलं.

आपण मराठवाड्याचे लोक तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. खेड्याला वीज ही ऐकण्यातलीही गोष्ट नव्हती. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. त्याच वर्षी 20 जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, आणि खेड्यांकडे तारा ओढायचं काम जोर धरू लागलं. खेड्यांतल्या लाईनींना आणि शेतातल्या पंपांना कर्ज मिळावं म्हणून 1969 साली केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळही काढलं.

वीज आपल्या अगदी दारातही तयार होऊ लागली. आमच्याच रस्त्याने जिंतूरच्या पुढे गेलं की पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे. ते 1968 साली पुरं झालं. तिथे साडेसात मेगावॉटचे तीन संच आहेत, म्हणजे सगळे मिळून साडेबावीस मेगावॉट. येलदरीचं पाणी चाकं फिरवून पुन्हा नदीत येतं, खाली सिद्धेश्वर धरणात अडतं आणि तिथून कालव्यांनी रानात जातं. एकाच पाण्याने दिवाही लागतो आणि पीकही भिजतं. पण त्याच धरणाच्या पोटात कुणाची तरी घरं-जमिनी गेल्या, हेही विसरायचं नाही.

आधी विहिरीवर, शेवटी चुलीपाशी

साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडच्या शिवारांत खांब उभे राहिले. लाईट आधी कुठे गेली? विहिरीवर. मोटेच्या जागी मोटार आली. मग गिरणीत गेली. आधी डिझेलवर पुक-पुक करणाऱ्या गिरण्या विजेवर चालू लागल्या. मग गावठाणात आली, तीही ऐपतवाल्यांच्या घरी आधी. दलित वस्तीत आणि तांड्यावर बहुतेक ठिकाणी ती सगळ्यात शेवटी पोचली. गरिबाच्या घरी निदान एक दिवा लागावा म्हणून 1988-89 साली कुटीर ज्योती योजना आली. पुढे 2005 साली राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आणि 2017 साली सौभाग्य योजना आली. म्हणजे स्वातंत्र्याला 70 वर्षं झाली तरी घराघरांत दिवा पोचवायचं काम चालूच होतं.

घरात आली तेव्हाही लाईट बैठकीत आधी लागली. मग टीव्हीला गेली. रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीवर गाव. चुलीपाशी बल्ब लागला तो शेवटी, आणि कित्येक घरांत तोही शून्याचा. बाई ज्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त वेळ उभी असते, तो कोपरा उजेडाच्या यादीत तळाला होता.

तरीपण खरं ते सांगितलं पाहिजे. लाईटने बाईचा जन्म हलका केला. जातं थांबलं आणि पहाटेचे दोन तास मोकळे झाले. दवाखान्यात रात्री बाळंतपण करताना टॉर्च धरून उभं राहायची वेळ टळली. पोरी रात्री अभ्यासाला बसू लागल्या. घासलेटाचा धूर गेला, चिमणी कलंडून भाजायची भीती गेली. शिलाई मशीनला मोटार लागली, मिरची कांडप आलं, पिठाच्या गिरण्या गटाने चालवल्या. गेल्या त्या ओव्या. पण त्यासाठी कुणी पुन्हा जात्यावर बस म्हटलं तर आमच्यातली एकही बसायची नाही.

दोर लांब होत गेला

आता मोटेचं आठवा. बैल थकत होता, मोटार थकत नाही. विहिरीला विसावाच उरला नाही. 1972 चा दुष्काळ पडला. बाया रोजगाराच्या कामावर खडी फोडायला गेल्या, सुकडी खाऊन दिवस काढले. त्या दुष्काळानंतर विहिरी आणखी खोल गेल्या आणि बोअर मारायच्या मशिनी गावोगाव फिरू लागल्या. आपल्या शेजारच्या जालन्यात मिशनच्या लोकांनी तयार केलेला हातपंप ‘जालना पंप’ म्हणून ओळखला गेला. पुढे देशभर गेलेल्या हातपंपाच्या घडणीत त्याचा वाटा आहे. त्या हातपंपाला लाईट लागत नव्हती, बाईचे दोन हात पुरत. पण शेजारच्या शिवारातल्या पाणबुडी मोटारीने पाणी खाली ओढलं की हातपंपाचा दांडा नुसता वाजायचा.

कागदावर कायदा आहे. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेती आणि कारखान्यासाठी 60 मीटरच्या, म्हणजे साधारण 200 फुटांच्या खाली बोअर नेण्याला मनाई आहे. आपल्या शिवारात बोअर किती फुटांवर गेलंय ते तुम्ही जाणताच.

आता जावांची गोष्ट. बीड जिल्ह्यात परळीला 1971 साली औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. दूरच्या खाणींतून रेल्वेने कोळसा आणायचा, तो जाळून पाण्याची वाफ करायची आणि वाफेने चाकं फिरवायची. या कामाला पाणी फार लागतं. परळीला ते दिलं जातं त्यात गोदावरीचं पाणीही आहे. पाथरी तालुक्यातल्या मुदगलच्या बंधाऱ्यातून, म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातून ते जातं. 2013 च्या फेब्रुवारीत पाणी संपलं आणि तेव्हा 1,130 मेगावॉटचं ते अख्खं केंद्र बंद करावं लागलं. 2015 च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, ते पुन्हा बंद पडलं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती. पाणी नव्हतं.

त्याच्या पुढच्या वर्षी, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं गेलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. साऱ्या देशाने ते चित्र पाहिलं. आपल्याला ते नवलाचं वाटलं नाही. त्या उन्हाळ्यात आपल्याही गावांत बाया रात्री टँकरची वाट बघत घागरी रांगेत लावून बसल्या होत्या.

म्हणून आम्ही म्हणतो, बटण दाबलं की नुसता दिवा लागत नाही. कुठंतरी घागरभर पाणी आणि मूठभर कोळसा खर्ची पडतो, मागे राख उरते, धूर वर जातो. परळीच्या आसपासच्या गावांतल्या बायांना विचारा, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसणं म्हणजे काय ते त्या सांगतील.

रात्रीची पाळी

2005 च्या जूनमध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या. वीज तयार करणारी वेगळी, वाहून नेणारी वेगळी, आपल्याला पुरवणारी वेगळी. तीच वर्षं भारनियमनाची. खेड्यात बारा-बारा तास लाईट नसे. लाईट रात्री येणार म्हणून गिरणीत डबे ठेवून बाया अकरापर्यंत ताटकळत. पुढे गावठाणाचा आणि शेतीचा फीडर ठिकठिकाणी वेगळा झाला, तेव्हा घरातला दिवा जरा टिकू लागला.

शेतीची लाईट मात्र पाळीने. एक आठवडा दिवसा आठ तास, दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की घरधनी बॅटरी घेऊन पाणी द्यायला जातो. कुठे एकटी बाई शेती बघते, तिथे तीच जाते. अंधार, चिखल, साप, उघडी पेटी, ओल्या हातांनी दाबलेलं स्टार्टरचं बटण. असं किती घरांचं कुंकू पुसलं गेलं, याचा हिशोब वीजबिलात कुठेच नसतो. आकडा टाकून चोरून घेतलेल्या लाईटनेही असेच जीव गेलेत, आणि आकड्यांच्या भाराने डीपी जळाली की झळ सगळ्या गावाला बसते.

आपला हिशोब

आता थोडी बेरीज-वजाबाकी करू, बचत गटात करतो तशीच. जुना पिवळा बल्ब 60 वॉटचा. रोज पाच तास लावला तर महिन्याला 9 युनिट खातो. त्याच जागी 9 वॉटचा एलईडी लावला तर सव्वा ते दीड युनिटात भागतं. साडेसात युनिट वाचले. कोळशाच्या केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, असा नियम केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये केला. त्या मापाने धरलं तर एका बल्बमागे महिन्याला जवळजवळ 27 लिटर पाणी वाचलं. म्हणजे दोन घागरी. एका युनिटला अर्धा-पाऊण किलो कोळसा लागतो, तेव्हा चार-पाच किलो कोळसाही वाचला. एका घराचं हे एवढंसं दिसतं. दहा बायांच्या गटाने घरटी दोन बल्ब बदलले तर महिन्याला 40 घागरी होतात.

पण आम्ही बायांनाच काटकसर शिकवणार नाही. पाच एचपीची मोटार तासाला साधारण चार युनिट खाते. आठ तास चालली तर 32 युनिट. तेवढ्यात आपला एलईडी दिवा दोन वर्षं जळेल. म्हणजे खरी बचत शिवारात आहे. मोटार लावून झोपी जायचं आणि वाफे भरून ओघळ वाहू द्यायचा, यात वीजही गेली, पाणीही गेलं, मातीही गेली. ठिबक बसवलं, कमी पाण्याचं पीक घेतलं, पाणी किती वेळ द्यायचं ते ठरवून घेतलं, तर घरातल्या शंभर बल्बांपेक्षा जास्त हाती लागतं. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल राज्य सरकार भरतं. बिल माफ झालं म्हणून विहीर माफ करत नाही. पाणी आटलं की घागर घेऊन कोस-कोस कोण चालतं, ते सांगायला नको.

सूर्याची वीज, बायांचा हात

आता सूर्याच्या विजेचे दिवस आलेत. ऊन तर मराठवाड्यात भरपूर. 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची, असा तिचा हेतू आहे. दिवसा वीज म्हणजे सापाची भीती कमी, हे बायांना चटकन कळतं. घराच्या छतासाठी फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. एक किलोवॉटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतात.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात कोयना धरण आहे. महाराष्ट्राला वीज देण्यासाठी त्या तालुक्याने आपल्या जमिनी पाण्याखाली घातल्या. त्याच तालुक्यातलं मान्याचीवाडी हे छोटं गाव 2024 मध्ये राज्याचं पहिलं सौरग्राम झालं. तिकडे वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातल्या कवठा झोपडी गावच्या बायांनी सहकारी संस्था काढून सौर पॅनेल बनवायचं काम हाती घेतलं. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात तर अक्षरओळख नसलेल्या बाया सौर दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकून गेल्या, त्यांत परदेशातल्याही आहेत. ज्या कोपऱ्यात दिवा सगळ्यात उशिरा पोचला, तिथलीच बाई आता दिवा बनवते आहे.

एक सावधगिरी मात्र ठेवायला हवी. सौर पंपाला बिल नसतं, ऊन फुकट असतं, म्हणून तो दिवसभर चालू राहिला तर विहीर तेवढीच उपसते. मोटेच्या बैलाला विसावा होता. नव्या पंपाला तो आपण द्यायचा आहे.

म्हणून गटांनी करायची चार कामं आम्ही ठरवली आहेत. पहिलं, घरातला सगळ्यात चांगला दिवा चुलीपाशी लावायचा. तिथे सुरीही चालते आणि जाळही असतो. दुसरं, कपडे वाळायच्या तारेजवळून वायर न्यायची नाही, उघडी जोडणी ठेवायची नाही आणि अर्थिंग तपासून घ्यायचं. तिसरं, फुटलेली ट्यूबलाईट आणि सीएफएल उकिरड्यावर टाकायची नाही. तिच्यात पारा असतो आणि उकिरडा शेवटी रानात जातो. ती वेगळी ठेवून ग्रामपंचायतीकडे गोळा करायला लावायची. चौथं काम सगळ्यात मोठं. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. तिथे दोन प्रश्न एकत्र मांडायचे: शेतीला दिवसा लाईट कधी, आणि गावच्या पिण्याच्या विहिरीजवळ नवी बोअर किती. वेगवेगळे विचारले तर एक प्रश्न वायरमनकडे जातो आणि दुसरा टँकरवाल्याकडे. एकत्र विचारले तर सगळ्या गावाला उत्तर द्यावं लागतं.

पुढच्या बैठकीला येताना घरच्या लाईट बिलाचा कागद घेऊन या. त्यावरचे युनिट मोजू, त्यांच्या घागरी करू, आणि शिवारातल्या मोटारींचे तास फळ्यावर मांडू.